अंबाआत्यांचं आमसूल

खोटं बोलायला माझी हरकत नसते. पण ते ऐकून समोरच्या माणसाला आनंद होणार नाही एवढं आधी बघून घ्यावं. मी ते बघितलं नाही, आणि म्हणून माझी बाटली तंजावरच्या एका देवघरात हळदीकुंकू लावून बसली.

मी गोदा. दिंडोरीजवळ आमचा द्राक्षमळा आहे. त्यातल्या विहिरीकडच्या तुकड्यात मी हट्टानं वाइनची द्राक्षं लावली. घरात कुणाला पटलं नाही. दीर म्हणाला, "वहिनी, जग गोड द्राक्ष मागतंय आणि तुम्ही आंबट लावताय." नवरा काहीच म्हणाला नाही, आणि तो काही म्हणत नाही तेव्हाच जास्त बोलत असतो. शेवटी भांडून भांडून एक ठरलं. पहिली वाइन चांगली निघाली तर वेल राहतील, नाहीतर छाटणीच्या आधी उपटायचे. आता चांगली की वाईट हे सांगणार कोण? घरातल्यांनी चाखून "खोकल्याच्या औषधासारखी" असा एकमुखानं निकाल दिला होता. तो मी मोडीत काढला आणि सांगितलं, निकाल भुवना देईल.

भुवना आणि हरिता या माझ्या पुण्याच्या वसतिगृहातल्या मैत्रिणी. दोघीही तंजावरच्या मराठी घरांतल्या, म्हणजे मराठी राजांबरोबर तिकडे गेलेल्या आणि तिकडेच राहिलेल्या. भुवना आता चेन्नईत मोठमोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडते. एक घोट तोंडात घेते, खुळखुळवते, थुंकते आणि बहुतेक वेळा "नको" म्हणते. दुसरा घोट ती कुठल्याच वाइनचा घेत नाही. तोंडदेखलं बोलणं तिला येत नाही. वसतिगृहाच्या बाईंनी वाढदिवसाला शिरा केला तेव्हा सगळ्या वा वा करत होत्या आणि ही म्हणाली, "यात तूप नाही आणि मनही नाही." त्या वर्षी पुन्हा शिरा मिळाला नाही, पण माझा तिच्या जिभेवर विश्वास बसला तो कायमचा.

तर आम्ही तिघींनी सुट्टी ठरवली ती तंजावरला, हरिताच्या घरी. भुवनाचं तंजावरात आता घर राहिलं नव्हतं, म्हणून तिला हॉटेलात उतरायचं होतं, पण हरिताच्या आत्या, अंबाआत्या, फोनवरून ओरडल्या, "घर असतां हॉटेल कशाला गे?" आत्यांचं वय ऐंशीच्या आसपास आणि सोवळं त्याहून जुनं. एका पाहुण्याच्या पिशवीत बिअरचा डबा निघाला म्हणून त्यांनी अंगणापासून माडीपर्यंत सगळं घर धुऊन काढलं होतं. हरितानं मला पन्नास वेळा बजावलं होतं, "गोदा, बाटली दिसली तर मानम् गेला माझा." बेत असा होता की प्रदोषाच्या संध्याकाळी आत्या मोठ्या देवळात नंदीच्या अभिषेकाला जातील, तेव्हा आम्ही गच्चीवर वाऱ्याला बसायचं, तळलेले वडे खायचे आणि भुवनानं निकाल द्यायचा.

मी पोचले आणि पहिल्याच तासात घोळ झाला. बॅगेतून चिवडा आणि मनुका काढताना परकरात गुंडाळलेली बाटली गडगडत गेली ती थेट आत्यांच्या पायाशी. लेबल अजून छापलं नव्हतं. फिरकीचं झाकण, आत लालभडक रस.

"हे काय गे?" आत्यांनी विचारलं.

हरिता त्यांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी माझ्या पाया पडत होती. मी म्हणाले, "आगळ! कोकमाचं आगळ, आत्या. आमसुलाचं."

दिंडोरीत कोकमाचं झाडही नाही, पण तोंडातून निघून गेलं.

आत्या खुर्चीवर बसल्या. बाटली त्यांनी मांडीवर घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं वास आला. पण नाही, त्यांनी मला जवळ बसवून गोष्ट सांगितली. तंजावरच्या मराठी घरांत ती लहान मुलांना जेवतानाच भरवतात. कुणा एका राजाच्या मुदपाकखान्यात आमटी व्हायची ती महाराष्ट्रातून आलेलं आमसूल घालून. एकदा पाहुणे बसलेले आणि आमसूल संपलं. आचाऱ्यानं इथली चिंच घातली, आणि ते झालं सांबार. खरं खोटं त्या आचाऱ्याला माहीत.

"तेव्हांपासून चिंचच," आत्या म्हणाल्या. "माझ्या आजीच्या आजीनंही आमसूल पाहिलं नाही. अस्की पिढी चिंच खाऊन गेली. आणि तूं बाटली भरून आणलीस!"

अस्की म्हणजे सगळी. त्या सगळ्या पिढीच्या वतीनं आत्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि बाटली देवघरात नेऊन, कुंकू लावून, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली. रविवारी मूळचं सांबार करायचं आणि गल्लीतल्या मराठी घरांना जेवायला बोलवायचं, हेही त्यांनी तिथेच ठरवलं. आम्ही तिघी उंबऱ्याबाहेर उभ्या होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सांगून टाक," भुवना म्हणाली.

"तू सांग. तू स्पष्टवक्ती."

"मी वाइनबद्दल स्पष्ट बोलते. आत्यांबद्दल नाही."

प्रदोष आला आणि गेला. आत्या देवळात गेल्या, पण जाताना देवघराला कुलूप लावून गेल्या, कारण आमसूल चोरीला जाईल अशी त्यांना भीती होती. मग आम्ही नुसत्याच गच्चीवर बसलो. खाली माझा निकाल कोंडलेला आणि वर आम्ही नन्नारीचं, म्हणजे उपळसरीच्या मुळांचं, सरबत पितोय. मी इतकी चिडले होते की वडे मीच जास्त खाल्ले.

आता हे सांगायला हवं की जेवणखाणाच्या बाबतीत ती सुट्टी फार सुखाची झाली. सकाळी हरिताच्या मोपेडवर एकामागून एक फेऱ्या करून आम्ही एका खानावळीत जायचो आणि इडलीवर कडप्पा घेऊन खायचो. कडप्पा म्हणजे मुगाची डाळ नि बटाट्याचा पातळसा रस्सा, त्यात नारळ आणि बडीशेप. तो इडलीवर ओततात तेव्हा इडली बुडते आणि मी पण बुडायचे. एक दिवस तिरुवैयारूला गेलो, कावेरीच्या काठावर पानात घेतलेला अशोका हलवा खाल्ला. मुगाच्या डाळीचा, तुपानं थबथबलेला, बोटांना केशरी रंग लागतो. भुवनानं एक घास घेतला आणि म्हणाली, "यात तूपही आहे आणि मनही." मला तिचं ऐकून रडूच आलं. म्हटलं, हलव्याला पास केलं हिनं, माझ्या वेलांचं काय?

"बाटली बदलू," हरिता एकदम म्हणाली.

तंजावरच्या बाजारात आम्ही खरं आमसूल शोधलं. नाही मिळालं. एका दुकानदारानं काळीकुट्ट, धुरकट वासाची मलबारी चिंच दाखवली, ती कुणालाही फसवणार नाही अशी होती. मग आम्ही साधी चिंच घेतली, बीट घेतलं, मीठ घेतलं, आणि माडीवर चहाच्या विजेच्या किटलीत नकली आगळ उकळलं. रंग झकास आला. किटलीलाही आला, नंतर दोन दिवस चहा गुलाबी होत होता. नन्नारीच्या रिकाम्या बाटलीत ते भरलं. रविवारी पहाटे हरिता अंघोळ करून ओल्या साडीनं देवघरात शिरणार, कारण सोवळ्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. सोवळ्याला ही माणसं मडी म्हणतात. मग वाइन काढून लोट्यात घ्यायची, नकली आगळ बाटलीत भरायचं. साधी गोष्ट होती.

रविवारी हरिता ओल्या साडीनं कुडकुडत गेली आणि लगेच परत आली. "बाटली नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला. गुळगुळ, गुळगुळ, गुळगुळ. वाइन ओतल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मी धावले. उंबऱ्याशी थांबावं लागलं, माझी अंघोळ झाली नव्हती. आत चुलीवर पितळेच्या पातेल्यात तुरीची डाळ रटरटत होती आणि आत्या दोन्ही हातांनी बाटली उलटी धरून उभ्या होत्या. माझ्या विहिरीकडच्या तुकड्याची सगळी मेहनत शेवग्याच्या शेंगांवर पडत होती.

"आत्या! थोडं ठेवा!" मी किंचाळले.

आत्यांनी बाटली सरळ केली. तळाशी थोडंसं उरलं होतं. "कशाला गे?"

भुवनासाठी एक घोट, निकालासाठी. पण हे कसं सांगणार? "तीर्थाला," मी म्हणाले.

"तिकडे आमसुलाचं तीर्थ देतात?"

"आमच्या घरी देतात," मी म्हणाले. एकदा गाडी उताराला लागली की ब्रेक लावून उपयोग नसतो.

आत्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना विचारलं, चव घेऊन पाहिली का? त्यांनी कानावर हात ठेवले. नैवेद्य व्हायच्या आधी चव घ्यायची नाही, वासही घ्यायचा नाही, असा त्या घरचा नियम. पदर नाकावरून घेऊनच त्या ढवळत होत्या. म्हणजे देव जेवेपर्यंत त्या पातेल्यात काय आहे हे मला आणि देवालाच माहीत असणार होतं. मी मनात त्याला म्हणाले, बाबा, द्राक्षं तुला चालतातच, ही जरा शिळी झालीत एवढंच समज.

दुपारी मंडळी जमली. सगळ्यांत पुढे हनुमंतराव. हे निवृत्त वकील, गल्लीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि कोर्ट सुटल्यापासून भाषण कुठे करावं या विवंचनेत असलेले. दारातून आत येतानाच त्यांनी दोन्ही हात जोडून मला सांगितलं, "अम्मा, तुम्ही बाटली नाही आणलेत, इतिहास आणलेत!" हरिताला ठसका लागला.

आरती झाली, नैवेद्य झाला. आत्यांनी उरलेली वाइन चांदीच्या पंचपात्रात ओतली होती. त्या पळी घेऊन रांगेनं आल्या आणि एकेकाच्या तळहातावर एक एक पळी घालू लागल्या. हनुमंतरावांनी डोळे मिटून घेतली, डोळे उघडले, परत मिटले. शेजारच्या काकूंनी उरलेला ओला हात नातवाच्या डोक्याला पुसला. मग आत्या भुवनापाशी आल्या.

तीन वर्षांचं पाणी, खत, जाळी, पाखरं हाकलणं, दिराचं हसणं, नवऱ्याचं न बोलणं, सगळं त्या एवढ्याशा तळहातावर होतं. भुवनानं सवयीनं आधी हात नाकाशी नेला. मग तोंडात घेतली. मग, देवा रे, तिनं खुळखुळवली. चांगली मोठ्यानं. दातांतून हवा ओढली, सुर्रर्र करून. सगळी पंगत वळून पाहू लागली.

"हिचं काय चाललंय?" हनुमंतरावांनी विचारलं.

"चेन्नईत असंच तीर्थ घेतात," हरिता म्हणाली. खोटं साथीसारखं पसरतं.

आता थुंकायची वेळ आली, आणि भुवनाच्या लक्षात आलं की तीर्थ थुंकता येत नाही. गाल फुगवून ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे. तिनं गिळलं. तिचा चेहरा कोरा होता. मी म्हटलं संपलं, उद्याच फोन करून सांगते, कुदळी काढा.

आत्या पुढे निघाल्या होत्या. आणि भुवनानं हात पुन्हा पुढे केला.

"अजून?" आत्यांनी विचारलं. पंचपात्रात पाहिलं. क्षणभर थांबल्या. शेवटची पळी होती, ती त्यांनी भुवनाच्या हातावर घातली. मग रिकामं पंचपात्र जरा निथळून, तळाचे दोन थेंब त्यांनी स्वतः जिभेवर घेतले.

दुसरा घोट न घेणारी भुवना. दुसरा घोट! आणि या वेळी तिनं काही खुळखुळवलं नाही, साध्या माणसासारखी प्यायली आणि तळहात चाटला. मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. पण पानं मांडली गेली होती आणि सांबार आलं.

सांबाराबद्दल काय सांगू? रंग जांभळट करडा, भिजलेल्या गोणपाटासारखा. डाळ एकीकडे, आंबटपणा दुसरीकडे, आणि दोघांचं बोलणं बंद. मागून एक गोडसर चव यायची आणि हिंगाला पाहून परत जायची. पहिला घास झाला. शेजारच्या काकूंनी ताक मागितलं. दोघातिघांनी ताक मागितलं. हनुमंतराव मात्र छाती काढून म्हणाले, "हीच! हीच ती मूळ चव! आपली जीभ चिंचेनं बिघडली आहे, म्हणून ओळखूं येत नाही!" आणि इतिहासासाठी त्यांनी आणखी दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्या वाढीला त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण माणूस हटला नाही. मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला.

जेवणानंतर ते माझ्याकडे आले. त्यांनाही घरी करायला थोडं आमसूल हवं होतं. मी नाही कशी म्हणणार? हरितानं माडीवरून नन्नारीची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. ती चिंच, ते बीट, ते मीठ. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. सांबार अप्रतिम झालं होतं. "अंबाबाईंना जमलं नाही, हात लागतो," ते म्हणाले. "पण आमसूल ते आमसूल. चिंचेला ही सर येणार नाही."

पण हे नंतरचं. त्या दुपारी पंगत उठल्यावर मी आधी ओसरीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. "वेल राहणार," मी सांगितलं. "भुवनानं दोनदा घेतली." तो म्हणाला, "मग ठिबकची नळी बदलून घेतो." तीन वर्षांत त्या तुकड्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी फोन ठेवला आणि तिथेच बसून थोडी रडले, मला लाज वाटत नाही सांगायला.

मागे आत्या पानाचं तबक घेऊन आल्या होत्या. त्या शेजारी बसल्या, विड्याला चुना लावू लागल्या. मला राहवलं नाही. एवढं मोठं मन त्या बाईचं, आणि मी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आशेवर वाइन ओतली.

"आत्या," मी म्हणाले, "ते आगळ नव्हतं."

"नव्हतंच," आत्या म्हणाल्या. "आगळ खारट असतं. आजी सांगायची, तिला तिची आजी सांगायची. हे कुठलं खारट?"

"म्हणजे तुम्हाला कळलं?"

"जिभेवर पडलं आणि कळलं. द्राक्षं गे. वयांत आलेली." त्यांनी विडा दुमडला. "देवानं आधी खाल्लं ते. त्याला चाललं, मग मी कोण घर धुणारी? सांबार मात्र वाईट झालं. चिंचच चोखोट. तो राजाचा आचारी शहाणा होता."

मला हसावं की पायावर डोकं ठेवावं कळेना. मी म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललात? पंगतीसमोर माझी चांगली जिरवायची होती."

"बोलणार होतें," आत्या म्हणाल्या. "पण रिकाम्या पंचपात्राकडे पाहून इतकं वाईट वाटलं, शब्दच फुटेना." त्यांनी विडा माझ्या हातात दिला आणि आत भुवना हसत होती तिकडे मान वळवून पाहिलं. मग कानाशी येऊन, रागानं, म्हणाल्या, "ती शेवटची पळी माझी होती गे. तुझ्या त्या मैत्रिणीनं हात पुढे केला!"